कुळागरासाठी पिकअप: नवी व्ही-क्रॉस घ्यावी की वापरलेली हायलक्स?

वाळपईचा बागायतदार

सप्रेम नमस्कार. गोव्यातील सत्तरी तालुक्यात आमचे वडिलोपार्जित कुळागर असून त्यात सुपारी, नारळ आणि थोडी केळी आहेत. डोंगराच्या अंगाला काजूची लागवड आहे. माल बाजारात न्यायचा झाला की भाड्याची गाडी बोलवावी लागते आणि हंगामात ती वेळेवर मिळत नाही. घरच्यांसाठी एक जुनी लहान मोटार आहे. या दोन्हींऐवजी पुढे चार दारे आणि मागे हौदा असलेली एकच गाडी घ्यावी, असा आमचा विचार चालला आहे. बागेकडे जाणारा शेवटचा टप्पा तांबड्या मातीचा आणि चढणीचा असल्यामुळे पावसाळ्यात तेथे फोर व्हील ड्राइव्हशिवाय भागणार नाही, असे वाटते.

तीन पर्याय पुढे आहेत. पहिला नव्या इसुझू व्ही-क्रॉसचा. दुसरा २०२२ सालच्या टोयोटा हायलक्सचा. ही गाडी बार्देशच्या किनारपट्टीवरील एका रिसॉर्टच्या नावावर असून फार फिरलेली नाही, असे विकणाऱ्यांचे म्हणणे आहे. तिसरा पर्याय माझ्या मेव्हण्यांनी सुचवला आहे: एवढे पैसे घालण्यापेक्षा महिंद्राची मालवाहू बोलेरो कॅम्पर घ्यावी आणि मोकळे व्हावे. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि आई असे पाच जण आहोत. पंचवीस लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फोंड्याचा वाहतूकदार

नमस्कार. नवी की जुनी हा मुद्दा मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. एका खेपेला किती वजन चढणार आणि गाडी कोणत्या नोंदणीखाली चालणार, या दोन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत, कारण त्यांच्या उत्तरावर आपल्या तीन पर्यायांपैकी एखादा आपोआप गळून पडेल.

व्ही-क्रॉस आणि हायलक्स या दोन्ही पाच मीटरहून लांब गाड्या आहेत, परंतु चार दारांच्या केबिनमुळे हौदा सुमारे दीड मीटर लांबीचाच उरतो. त्यात आरामदायी प्रवासासाठी केलेली बांधणी आणि अंगचे भरपूर वजन यांमुळे कायदेशीररीत्या लादता येणारा माल लोकांच्या समजुतीपेक्षा पुष्कळ कमी असतो. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन अशी दोन वजने नोंदलेली असतात. त्यांची वजाबाकी केल्यावर जो आकडा येतो तो सगळा मालाचा नसून त्यात बसणारी माणसेही धरावी लागतात. असोला, म्हणजे न सोललेला, नारळ सव्वा किलोचा धरला, तर तीनशे नारळांचे पावणेचारशे किलो होतात; त्यावर घरची पाच माणसे बसली की ही वजाबाकी संपलीच म्हणून समजा. रिकामी गाडी वजनकाट्यावर एकदा चढवून पाहिलीत, तर छापील माहितीपत्रकापेक्षा अधिक उपयोगी आकडा हाती लागेल, विशेषतः जुन्या गाडीला मालकाने लोखंडी बंपर किंवा हौद्यावर झाकण बसवलेले असेल तेव्हा.

नोंदणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण शोरूममध्ये यावर कोणी बोलत नाही. व्ही-क्रॉस आणि हायलक्स खासगी वाहन म्हणून, म्हणजे पांढऱ्या पाटीवर, नोंदवता येतात आणि हेच त्यांचे मोठे आकर्षण आहे. मात्र खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॅकेज विम्यात वापराच्या मर्यादा सांगणारे एक कलम असते. गाडी भाड्याने देणे आणि नमुने किंवा वैयक्तिक सामान सोडून इतर मालाची वाहतूक करणे, हे दोन्ही वापर त्या कलमाने वगळलेले असतात. स्वतःच्या बागेतील नारळ स्वतःच्या गाडीतून नेताना आपल्याला त्यात काही वावगे वाटणार नाही, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर हौद्यातील पोत्यांकडे कोणत्या नजरेने पाहील, हे आधीच विचारून ठेवणे शहाणपणाचे. विमा कंपनीला आपला नेमका वापर लिहून कळवावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे. शेजाऱ्याच्या सुपारीची खेप पैसे घेऊन नेण्याचा विषय तर पांढऱ्या पाटीवर नकोच.

पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक नोंदणीची, गाडी घेतलीत, तर हा प्रश्न मिटतो, पण दुसरी कामे मागे लागतात. मालवाहू वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. परमिटची मात्र धास्ती बाळगू नये: १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ६६ नुसार ज्या मालवाहू वाहनाचे एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नाही, त्याला परमिट लागत नाही. वाहन परवान्याचीही अडचण नाही, कारण साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. मेव्हण्यांचा कॅम्परचा सल्ला मालाच्या हिशेबाने चुकीचा नाही. इसुझूचीच एस-कॅब हा आणखी एक पर्याय ठरला असता, परंतु तिला फोर व्हील ड्राइव्ह नाही.

म्हापशाचे गॅरेज

वरील उत्तराशी मी सहमत आहे. केवळ त्या हायलक्सविषयी लिहितो. किनाऱ्यावरील गाडी ‘कमी फिरलेली’ आहे ही प्रशंसा समजू नये. समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी राहिलेली गाडी चालती राहिलेल्या गाडीपेक्षा लवकर गंजते, आणि पिकअपच्या चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, पोकळ पट्ट्यांमध्ये एकदा वाळू व ओल साठली की गंज आतून बाहेर येतो. वरचा रंग चकचकीत असतानाही खालून पापुद्रे सुटलेल्या गाड्या आमच्याकडे येतात. त्यातही रिसॉर्टची गाडी असेल, तर ती वाळूत उतरली होती का आणि हौद्यातून मासळीचे क्रेट वाहिले जात होते का, हे दोन प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. क्रेटमधून ठिबकणारे बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या प्लास्टिक अस्तराखाली जाऊन बसते. फेरीबोटीने रोज ये-जा करणाऱ्या किंवा खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतजमिनीच्या, बांधांवरून फिरलेल्या गाड्यांनाही हीच कसोटी लावावी.

गाडी पाहायला दुपारी आणि कोरड्या दिवशी जावे. न धुतलेली मिळाली तर उत्तम. तिला रॅम्पवर चढवून मागच्या पाट्यांचे, म्हणजे पट्टीच्या स्प्रिंगांचे, हँगर, चासीचे वेल्डिंगचे सांधे, ब्रेकचे पाइप आणि स्पेअर टायरच्या वरचा भाग बॅटरीच्या उजेडात पाहावा आणि लहान हातोडीने हलकेच ठोकावे. घट्ट लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बसका येतो. खालून ताजे काळे अंडरकोटिंग मारलेले दिसले, तर मी आनंदी होण्याऐवजी सावध होतो, कारण विकायच्या आधल्या आठवड्यात कोणी गाडीची एवढी काळजी घेत नाही. हौद्यातील अस्तर काढून दाखवायला सांगावे. नकार मिळाला तर तेथूनच परत फिरावे.

यांत्रिक भागांपैकी डिफरन्शिअलचे, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे, तेल काढून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. ते दुधाळ दिसले, तर गाडी पाण्यात उभी राहिली होती आणि आत पाणी शिरले आहे. केबिनमधील गालिचा उचलून खालचे वायरिंगचे जोड आणि सीटबेल्टची तळाची बैठक पाहावी. पुरात सापडलेली गाडी तेथे पकडली जाते. फोर व्हील ड्राइव्हचा लो गिअर कच्च्या रस्त्यावर टाकून पाहावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो टाकून वळणे घेतल्यास गिअरवर ताण येतो आणि चाचणीच नुकसान करते.

हायलक्सच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिचे २.८ लिटरचे डिझेल इंजिन फॉर्च्युनरचेच असल्याने गोव्यात तिचे काम जाणणारे हात आणि सुटे भाग सहज सापडतात. शिवाय मागच्या डिफरन्शिअलला लॉक असल्यामुळे आपल्या चढणीवर एक चाक अधांतरी फिरू लागले तरी गाडी वर येईल. व्ही-क्रॉसचे १.९ लिटरचे इंजिन लहान असले तरी आपल्या कामाला पुरेसे आहे. तिच्याबाबत मी एकच पाहीन: वाळपईहून सर्व्हिस सेंटर किती लांब पडते आणि अपघातानंतर बाहेरचे पत्रे किती दिवसांत मिळतात, हे इसुझूच्याच ग्राहकांकडून कळून घ्यावे.

पेडण्याची सून

आमच्या घरी पिकअप आहे, म्हणून घरच्या माणसांच्या बाजूने लिहिते. आपल्या मातोश्रींना एकदा मागच्या सीटवर बसवून अर्धा तास फिरवून आणावे आणि मगच निर्णय घ्यावा. पायरी बसवली तरी चढण उंचच राहते, मागची पाठ बरीच सरळ असते आणि रिकामा हौदा असताना मागचे पाटे खड्ड्यांत आपटतात. पावसाळ्यात हौद्यातील सामान भिजते. झाकण बसवले तर केळीचे घड उभे राहत नाहीत. पणजीच्या किंवा म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी एवढी लांब गाडी लावायला जागा शोधणे ही वेगळीच शिक्षा आहे. लहान मोटार विकू नका, एवढेच माझे म्हणणे.

डिचोलीचा चालक

एक मुद्दा राहून गेला. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि ती काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून बऱ्या वेगात सलग काही वेळ चालावी लागते. घर ते बाग आणि बाग ते घर एवढेच फिरणे असेल, तर हा फिल्टर चोंदतो आणि इशाऱ्याचा दिवा लागल्यावरही तसेच दामटल्यास मोठा खर्च येतो. रिसॉर्टची गाडी कमी फिरलेली असेल, तर ती अशीच तुकड्यातुकड्यांनी फिरलेली असण्याची शक्यता अधिक आहे, म्हणून स्कॅनर लावून फिल्टरची स्थिती पाहून घ्यावी. आपण घेतल्यावरही पंधरवड्यातून एकदा तरी तिला हमरस्त्यावर मोकळी सोडावी.

दुसरे किमतीविषयी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि या पिकअपही त्यामुळे स्वस्त झाल्या. जुन्या गाडीचा मालक मात्र त्याने भरलेल्या जुन्या किमतीवरून हिशेब मांडतो. आपण आजच्या नव्या गाडीच्या किमतीवरून खाली यावे. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजही सहसा अधिक लागते. तो फरक धरूनच तुलना करावी.

वाळपईचा बागायतदार

सर्वांना देव बरें करूं. आमच्या खेपेचा हिशेब मांडला. नारळांच्या हंगामात एका खेपेला चारशे किलोच्या आसपास माल निघतो, सुपारीचे वजन त्याहून कमी असते आणि माल नेताना गाडीत मी आणि एक गडी असे दोघेच असतो. त्यामुळे कॅम्परच्या क्षमतेची गरज रोजची नाही, असे दिसते. आईला काल ओळखीच्यांच्या पिकअपमध्ये बसवून पाहिले. आईने स्वच्छ शब्दांत नापसंती कळवली, त्यामुळे लहान मोटार राहणार हे ठरले. आता हौदा असलेली गाडी केवळ बागेसाठी, तर मग नवी व्ही-क्रॉस घेणे जास्त होईल का? बेळगाव किंवा कोल्हापूरकडची वापरलेली व्ही-क्रॉस पाहावी, असे एकाने सुचवले आहे.

म्हापशाचे गॅरेज

सूचना चांगली आहे. घाटमाथ्यावरच्या गाडीची चासी बहुधा कोरडी मिळते. तेथे खारी हवा नाही, पण उसाच्या आणि गुळाच्या दिवसांत गाडी किती लादली गेली होती हे मागच्या पाट्यांच्या वाकावरून ओळखावे लागेल. आता मोटार घरी राहणार असल्याने मी आपल्या जागी असतो, तर नवी व्ही-क्रॉस बाजूला ठेवून फोर व्हील ड्राइव्हची वापरलेली व्ही-क्रॉस पाहिली असती आणि रिसॉर्टची हायलक्स खालून निर्दोष निघाली तरच तिच्यावर बोली लावली असती.

फोंड्याचा वाहतूकदार

परराज्यातील गाडी घेणार असाल, तर किमतीत आणखी दोन गोष्टी धराव्यात. तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो फॉर्म ३५ ने उतरवलेला असावा. गोव्यात नोंदणी करताना रस्ता कर पुन्हा भरावा लागतो. आधीच्या राज्याकडून उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो, परंतु तो मिळेपर्यंत पैसे अडकून पडतात. मालकाची नो क्लेम सवलत, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे विम्याचा हप्ता विकणाऱ्याच्या पावतीवरून न धरता नव्याने विचारून घ्यावा. हस्तांतरणानंतर चौदा दिवसांच्या आत विमा स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा, आणि त्याच अर्जात नारळाच्या वाहतुकीचा प्रश्नही विचारून टाकावा.