प्रतिसाद: सोलापुरात विद्यार्थ्याला परवडणारे बरेच काही आहे

नवी पेठ या बाजारपेठेपलीकडे विद्यार्थ्याला परवडेल असे सोलापुरात काही नाही, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही.

चादर हवी असेल तर पूर्व भागात जावे. तेथील यंत्रमाग कारखान्यांच्या लगतच्या दुकानांत किरकोळ दोष असलेला ‘सेकंड’ माल विचारल्यास दाखवतात. मात्र चादर पूर्ण उलगडून उजेडात धरावी. दोष काठाला असेल तर ती खुशाल घ्यावी, पण मधली वीणच विरळ असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. खोलीवर राहणाऱ्यांसाठी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी यांच्याइतका टिकाऊ शिधा दुसरा नाही. जानेवारीतील सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतही भांडीकुंडी पाहून ठेवावीत.

१९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे येथील जन्मघर आता स्मारक आहे. शहरात शिकणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांनी, ते पाहावे असे मला मनापासून वाटते. हिवाळ्यात सकाळी कंबर तलावावर पक्षी पाहायला तर सायकल आणि मोकळा वेळ एवढेच पुरते.