मदत हवी आहे : कर्नल मोड्यूलमध्ये तुटलेलं टीसीपी कनेक्शन पुन्हा जोडताना स्टेट कोणाच्या हातात ठेवायची?

नमस्कार मंडळी,

लिनक्ससाठी एक छोटा ब्लॉक ड्रायव्हर लिहितोय. दुसऱ्या मशीनवरची डिस्क टीसीपीवरून इकडे साध्या ब्लॉक डिव्हाइससारखी दिसावी, एवढंच त्याचं काम. एनबीडी (नेटवर्कवरची डिस्क दाखवणारा कर्नलमधला ड्रायव्हर) तयार असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगतो: पलीकडच्या सर्व्हरचा प्रोटोकॉल वेगळा आहे आणि तो बदलणं माझ्या हातात नाही. कर्नल ६.६, दोन मशीन, मध्ये एक साधा स्विच.

कनेक्शन चालू आहे तोवर काही तक्रार नाही. प्रश्न आहे तो तुटल्यानंतरचा.

कनेक्शन तुटल्याचं तीन वेगवेगळ्या ठिकाणी लक्षात येतं. सॉकेटचा एसके_स्टेट_चेंज कॉलबॅक, डेटा वाचणारा थ्रेड (कर्नल_रिसीव्हमेसेज शून्य किंवा एरर देतो तेव्हा) आणि ब्लॉक लेयरचा रिक्वेस्ट टाइमआउट. तिघांपैकी कुणालाही ‘कनेक्शन गेलं’ असं कळलं की तो रीकनेक्ट_वर्क हे काम वर्कक्यूमध्ये (कर्नलच्या मागाहून करायच्या कामांच्या रांगेत) टाकतो. ते वर्क जुनं सॉकेट बंद करतं, नवं उघडतं, जोडतं. स्टेटसाठी कनेक्टेड, कनेक्टिंग आणि क्लोजिंग असे तीन बिट ठेवले आहेत.

आता लक्षणं. सर्व्हरचा प्रोसेस मारून पुन्हा चालू केला, तर बऱ्याचदा जोडणी होते आणि क्षणात पुन्हा तुटते, मग परत होते. कधीकधी तर सगळंच गोठतं, आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) वर्कर थ्रेड १२० सेकंदांहून जास्त वेळ अडकल्याचा इशारा येतो. त्याच्या ट्रेसमध्ये खालून वर असा क्रम दिसतो: रीकनेक्ट_वर्क, टेअरडाउन, कॅन्सल_वर्क_सिंक, फ्लश_वर्क.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त छळते आहे. स्विचच्या पलीकडची, म्हणजे सर्व्हरकडची केबल काढली तर ड्रायव्हरला काहीच कळत नाही. सॉकेटवर कीपअलाइव्ह (पलीकडचा अजून जिवंत आहे का ते बघणारी टीसीपीची तपासणी) लावला आहे, १० सेकंद निवांत गेले की तपासणी सुरू व्हावी असा. तरीही लिहायला बसलेला प्रोसेस पंधरा मिनिटांच्या आसपास लटकून राहतो.

आणि यातून सुटलो तरी पुढचा प्रश्न आहेच. तुटण्याआधी पाठवलेल्या पण उत्तर न आलेल्या रिक्वेस्ट नव्या कनेक्शनवर पुन्हा पाठवाव्यात, की वर एरर द्यावी? डेटाचा मामला आहे, अंदाजाने काही करायचं नाही. ज्यांनी असं काम केलं आहे त्यांनी कृपया मार्ग दाखवावा.

प्रतिसाद १

ट्रेस अगदी स्पष्ट आहे, म्हणून गोठण्याचं आधी. रीकनेक्ट_वर्क टेअरडाउनला बोलावतं, आणि टेअरडाउन रीकनेक्ट_वर्क संपायची वाट बघतं. म्हणजे ते वर्क स्वतःचीच वाट बघत बसलंय. मोड्यूल काढताना लागणारी साफसफाई आणि पुन्हा जोडण्याआधीची साफसफाई ही दोन वेगळी फंक्शनं करा. कॅन्सल_वर्क_सिंक फक्त पहिल्यात. लॉकडेप (अशी एकमेकांची वाट बघण्याची गाठ शोधणारी कर्नलची सोय) चालू ठेवून कर्नल बांधलात तर हा प्रकार तो पहिल्याच फेरीत ओरडून सांगेल.

जोडून लगेच तुटण्याचं कारण जरा खोलात आहे. वर्क रांगेत असताना पुन्हा टाकलं तर काही होत नाही, पण चालू असताना टाकलं तर ते संपल्यावर आणखी एकदा चालतं. तुमचं वर्क नवं सॉकेट जोडत असतं, तेवढ्यात जुन्या सॉकेटवरचा वाचक थ्रेड जागा होतो, त्याला शून्य मिळतं आणि तो पुन्हा वर्क टाकतो. दुसरी फेरी येते आणि नुकतंच जोडलेलं चांगलं कनेक्शन मोडून टाकते.

कर्नलमध्येच याची दोन उत्तम उत्तरं आहेत, ती जरूर वाचा. एनएफएस या नेटवर्क फाइल सिस्टिमखालच्या सनआरपीसी या थरात प्रत्येक ट्रान्सपोर्टला (कनेक्शन सांभाळणाऱ्या भागाला) ‘कनेक्ट कुकी’ नावाचा आकडा असतो. कनेक्शन पुन्हा जोडलं गेलं की तो वाढतो. प्रत्येक रिक्वेस्ट आपण कुठल्या कुकीच्या काळात गेलो ते लक्षात ठेवते. नंतर ‘हे कनेक्शन तोडा’ असं सांगताना ती कुकीही देते, आणि ती आताच्या कुकीशी जुळली नाही तर मागणी सरळ सोडून दिली जाते. जुन्या सॉकेटच्या तक्रारीवरून नवं कनेक्शन मोडत नाही ते यामुळेच.

दुसरं, कर्नल ५.० पासून असलेला एनव्हीएमई-टीसीपी ड्रायव्हर (एनव्हीएमई डिस्क टीसीपीवरून वापरणारा). तिथे बिट नाहीत, एकच स्टेट आहे: न्यू, लाइव्ह, रीसेटिंग, कनेक्टिंग, डिलिटिंग वगैरे. ती बदलणारं फंक्शनही एकच, स्पिनलॉकखाली. कुठल्या स्टेटमधून कुठे जाता येतं ते त्यात स्विच लावून लिहिलंय, नियमात न बसणारी उडी नाकारली जाते. एरर कुणालाही दिसो, तो आधी ‘रीसेटिंग’मध्ये जायचा प्रयत्न करतो. एकालाच ते जमतं, बाकीचे तिथूनच परत फिरतात. जमलं त्यानेच एरर_वर्क रांगेत टाकायचं. तुमच्या तीन बिटांची आठ रूपं होतात, आणि त्यातल्या निम्म्यांचा अर्थ तुम्हालाही सांगता येणार नाही.

कॉलबॅकमध्ये सॉकेट बंद करायला जाऊ नका. तो सॉफ्टआयआरक्यूमधून (इंटरप्टच्या मागोमाग चालणाऱ्या कोडमधून) येऊ शकतो, तिथे झोपायला, म्हणजे थांबून राहायला, परवानगी नाही. स्टेट बदला, वर्क टाका, परत या. सॉकेट सोडण्याआधी मात्र एसके_कॉलबॅक_लॉक लिहिण्यासाठी घेऊन कॉलबॅक मूळ फंक्शनवर परत ठेवा आणि एसके_यूजर_डेटा नल करा, म्हणजे उशिरा आलेला कॉलबॅक मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लावणार नाही. वाचक थ्रेडसाठी क्रम असा: आधी कर्नल_सॉक_शटडाउन, मग थ्रेड बाहेर येईपर्यंत थांबणं, आणि सगळ्यात शेवटी सॉक_रिलीज.

प्रतिसाद २

कीपअलाइव्हचं मी सांगतो, इथे बरेच जण अडकतात. कीपअलाइव्ह निवांत कनेक्शनसाठी असतो. पाठवलेल्या डेटाची पोच यायची बाकी असेल तर कीपअलाइव्ह गप्प राहतो आणि सगळं रीट्रान्समिट टायमरवर चालतं. तो टीसीपी_रीट्राइज२ (किती वेळा पुन्हा पाठवून बघायचं ती सेटिंग) मानतो. त्याची नेहमीची किंमत १५, आणि रीट्रान्समिटचा वेळ कमीत कमी २०० मिलिसेकंद धरला तर एकूण ९२४.६ सेकंद होतात. तुमची पंधरा मिनिटं ती हीच.

उपाय टीसीपी यूजर टाइमआउट. कर्नलमधून टीसीपी_सॉक_सेट_यूजर_टाइमआउट बोलवा, २० ते ३० सेकंद द्या. पोच न आलेला डेटा त्याहून जास्त काळ पडून राहिला की सॉकेट ईटाइम्डआउट देऊन मरतं. कीपअलाइव्हही राहू द्या, निवांत काळासाठी तो लागतोच. टीसीपी_रीट्राइज२ सिस्टिमभर कमी करू नका, बाकीच्या सॉकेटांनी काय घोडं मारलंय?

पुन्हा जोडताना लगेच लगेच धडका देऊ नका. एनव्हीएमई दर १० सेकंदांनी प्रयत्न करतो आणि ६०० सेकंदांनी हात टेकतो. सनआरपीसी ३ सेकंदांपासून सुरू करून मधला वेळ वाढवत नेतो.

शिवाय हा ब्लॉक ड्रायव्हर आहे, हे रीकनेक्ट_वर्क लिहिताना डोक्यात असू द्या. मेमरी कमी पडली की कर्नल डर्टी पेजेस याच डिव्हाइसवर लिहायला बघणार, आणि डिव्हाइस जोडायला वर्कला मेमरी हवी. तिथे गाठ पडली की सुटत नाही. वर्कक्यू डब्ल्यूक्यू_मेम_रीक्लेम घेऊन बनवा, म्हणजे मेमरी कमी असतानाही वर्क चालेल, आणि पूर्ण वर्क मेमॲलॉक_एनओआयओ_सेव्ह आणि रिस्टोअरच्या मध्ये ठेवा, म्हणजे मेमरी मागताना डिस्कवर लिहिणं सुरू होणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एकच स्टेट केली, रिक्वेस्टला कुकी जोडली, टेअरडाउन वेगळं केलं. आता सर्व्हर कितीही वेळा मारला तरी एका तुटण्याला एकच जोडणी होते. यूजर टाइमआउट २० सेकंद ठेवल्यावर केबल काढल्याचंही वेळेत कळतं. अडलेल्या रिक्वेस्ट पुन्हा पाठवण्याचं मात्र अजून ठरत नाही. एकाच जागी तेच पुन्हा लिहिलं तर बिघडणार काय, असं वाटतं, पण मन खात्री देत नाही.

प्रतिसाद १

मन बरोबर सांगतंय. अशी वेळ धरा: जुन्या कनेक्शनवर ‘अ’ लिहायला पाठवलं, उत्तर आलं नाही. नव्यावर पुन्हा ‘अ’ पाठवलं, झालं. मग फाइल सिस्टिमने त्याच जागी ‘ब’ लिहिलं, तेही झालं. आणि आता सर्व्हरच्या जुन्या थ्रेडकडे पडून राहिलेला पहिला ‘अ’ डिस्कवर उतरला. नवा डेटा गेला आणि एररही कुठे दिसली नाही.

आपल्या बाजूने करायचं ते सॉक_नो_लिंगर. एनव्हीएमई-टीसीपी तो याचसाठी लावतो: सॉकेट बंद करताना ट्रान्समिट रांगेत उरलेला डेटा फेकला जातो, नेटवर्क परत आल्यावर शिळा डेटा निघत नाही. पण सर्व्हरकडे आधीच पोचलेल्या बाइट्सवर आपला इलाज चालत नाही. जुन्या कनेक्शनचं सगळं संपल्याशिवाय नव्याला हो म्हणायचं नाही, हे सर्व्हरनेच पाळायला हवं. तुमचा सर्व्हर एका वेळी एकच क्लायंट घेतो का?

धागाकर्ता

हो, एकच. ॲक्सेप्ट, मग त्या क्लायंटचं काम संपेपर्यंत दुसरा नाही.

प्रतिसाद १

मग रिक्वेस्ट पुन्हा पाठवायला हरकत नाही, एका वेळी एकच क्लायंट हेच तुमचं कुंपण. पण केबल काढली असेल तर तुमचा आरएसटीही (कनेक्शन तोडल्याचा टीसीपीचा संदेश) सर्व्हरला पोचलेला नसतो. तो जुनं कनेक्शन जिवंत समजून वाट बघत बसतो. केबल परत लावल्यावर तुमचं नवं कनेक्शन त्याच्या बॅकलॉगमध्ये (ॲक्सेप्ट व्हायच्या रांगेत) जाऊन ‘एस्टॅब्लिश्ड’ दिसेल, कारण हँडशेक कर्नलच पूर्ण करतो, ॲक्सेप्टची वाट न बघता. म्हणून टीसीपी जोडलं गेलं एवढ्यावर स्टेट ‘लाइव्ह’ करू नका. प्रोटोकॉलचं पहिलं उत्तर येईपर्यंत ‘कनेक्टिंग’च ठेवा, त्याला वेळेची मर्यादा घाला, आणि ती संपली की तोडून पुन्हा प्रयत्न करा.

सर्व्हरच्या सॉकेटवर कीपअलाइव्ह आहे का तेही पाहा. एसओ_कीपअलाइव्ह लावलेलाच नसेल तर सिसकंट्रोल (कर्नलच्या सिस्टिमभरच्या सेटिंग) बदलून उपयोग नाही. लावलेला असेल तर नेहमीचे ७२०० सेकंद तिथल्या सिसकंट्रोलमध्ये ३० च्या आसपास आणा, प्रोटोकॉलला हात न लावता हे होतं. तपासणीचं अंतर ७५ सेकंद आणि खेपा ९ असतात, तेही कमी करा, नाहीतर पुढे आणखी अकरा मिनिटं जातील.