वर्तमानपत्रांच्या इमारतींत हॉटेल आणि क्लब: ॲमस्टरडॅमने योग्य केलं का?

कालवाकाठ (धागाकर्ता)
ॲमस्टरडॅमच्या विबाउटस्ट्राट या रस्त्यावर द फोल्क्सक्रांट, ट्राउ आणि हेट पारोल ही तिन्ही दैनिकं शेजारी-शेजारी होती. ती हलली. फोल्क्सक्रांटच्या इमारतीत २०१४ पासून फोल्क्सहोटेल आहे. ट्राउच्या छापखान्यात २००९ ते २०१५ नाइटक्लब चालला आणि त्याचं नावही ट्राउच.

मला हे खटकतं. जर्मनांनी देश ताब्यात घेतला तेव्हा ट्राउ आणि पारोल भूमिगत निघाली. पारोल १९४१ मध्ये, ट्राउ १९४३ मध्ये. १९४४ मध्ये ट्राउचे २३ कार्यकर्ते जर्मनांनी पकडले. अंक बंद करा, नाहीतर यांना मारू, असा निरोप आला. अंक बंद झाला नाही आणि सगळ्यांना गोळ्या घातल्या. ते नाव दारावर लावून रात्रभर नाच चालावा? राष्ट्राचा इतिहास असा भाड्याने द्यायचा नसतो.

खिळेजुळारी
पूर्ण असहमत. ती २३ माणसं ज्या वर्तमानपत्रासाठी मेली ते चोरून छापलं जायचं. सापडलात तर तुरुंग किंवा मृत्यू. विबाउटस्ट्राटच्या या इमारती युद्धानंतरच्या, काँक्रीटच्या. रस्ताच मुळी जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी झाला. वेस्परपोर्ट स्टेशन १९३९ मध्ये बंद झालं, त्यानंतरचा. हौतात्म्याचं पावित्र्य या भिंतींना कुठून चिकटलं?

इमारतीवरून इतिहास मोजायचा तर न्यूवेझेइड्स फोरबुर्खवालवर जा, वर्तमानपत्रांची जुनी गल्ली ती. तिथे तेलेग्राफची १९३० ची इमारत आहे, स्टाल आणि लांगहाउट या वास्तुरचनाकारांची. देखणी आहे. पण तेलेग्राफ ताब्याच्या काळातही निघत राहिलं, म्हणून युद्धानंतर त्यावर बंदी आली आणि ती १९४९ पर्यंत टिकली. तेव्हा कोणाची वास्तू सुंदर आणि कोण कसं वागलं, या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवलेल्या बऱ्या.

मेधा_लायडन
तुम्ही दोघंही युद्धातच अडकलात. फोल्क्सक्रांट १९६५ मध्ये विबाउटस्ट्राटवर आलं. तोवर त्याच्या नावाखाली छापलं जायचं: नेदरलँड्सचं कॅथलिक दैनिक. त्याच वर्षी ती ओळ निघाली.

ती ओळ केवढी मोठी होती ते सांगते. त्या काळचा डच समाज स्तंभांत विभागलेला होता. कॅथलिक घरातलं मूल कॅथलिक शाळेत जायचं, बाप कॅथलिक कामगार संघटनेत, रेडिओ कॅथलिक संस्थेचा, दारात पडणारा पेपरही कॅथलिक. शेजारचं प्रोटेस्टंट घर ट्राउ वाचायचं, पलीकडचं समाजवादी घर तिसरंच काही. १९६८ मध्ये फोल्क्सक्रांट आणि समाजवादी वळणाचं पारोल एका कंपनीखाली आले, सत्तरच्या दशकात ट्राउही त्यात आलं. पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या दारात न जाणारे तीन गट एका मालकीखाली! डच विसाव्या शतकातली एवढी मोठी घडामोड दाखवायला मला तरी दुसरा इतका नेमका रस्ता सुचत नाही. म्हणून या इमारती जपायलाच हव्यात. हॉटेल असलं तरी चालेल.

पेणकर_आर्किटेक्ट
हॉटेल आहे म्हणूनच चालेल असं मी म्हणेन. छपाईच्या रोटरी यंत्रांसाठी बांधलेली जागा म्हणजे जाड स्लॅब, उंच छत, मोठा मोकळा हॉल. घरांसाठी अवघड, क्लबसाठी उत्तम. २००७ मध्ये फोल्क्सक्रांट गेलं तेव्हा विबाउटस्ट्राट शहरातला कुरूप रस्ता म्हणून बदनाम होता. इमारतीत कलावंतांना स्टुडिओ मिळाले, वर्दळ वाढली. रिकामी राहिली असती तर पाडायला कोणी मागेपुढे पाहिलं नसतं. संग्रहालय केलं असतं तर किती जण आले असते?

कालवाकाठ
मेधाताई, तुमचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. इतका नेमका इतिहास आहे म्हणता, मग तो वास्तूत वाचता यायला नको? नाव ठेवलं आणि यंत्रांच्या हॉलमध्ये दिवे लावले, एवढ्याने लिफ्टने वर जाणाऱ्या पाहुण्याला १९६५ कळत नाही.

खिळेजुळारी
कळायचं असेल त्याने डेल्फर हे संकेतस्थळ उघडावं. डच राष्ट्रीय ग्रंथालयाने १६१८ पासूनची वर्तमानपत्रं तिथे शोधता येतील अशी ठेवली आहेत, भूमिगत अंकांसह. इतिहास अंकात आहे, स्लॅबमध्ये नाही. पैसा तिथे जावा.

मेधा_लायडन
अंकात ती ओळ गेलेली दिसते. ती ज्यांनी काढली ते त्याच वर्षी कुठल्या इमारतीत राहायला गेले, शेजारी कोण आलं, हे अंक उलटून कळत नाही. खर्चही फार नाही. ओळ असलेलं आणि ओळ नसलेलं, अशी दोन पहिली पानं शेजारी-शेजारी मोठी करून हॉटेलच्या प्रवेशदारात लावा, खाली तारखा. पेणकर, त्याला तुमची हरकत आहे का?

पेणकर_आर्किटेक्ट
अजिबात नाही. फक्त लिफ्टजवळ लावा, तिथे माणूस थांबतो.