मदत हवी आहे: जुन्या सफारीत टाटाचं २.२ डायकॉर डिझेल इंजिन बसवायचं आहे

राम राम भाऊंनो. गाडी टाटा सफारी, २००१ची, एमएच १९ पासिंग, ४×४. वडिलांनी हौसेनं घेतलेली, त्यामुळे विकायचा विषयच नाही. इंजिन मूळचंच, १९४८ सीसी टर्बो डिझेल, जेमतेम नव्वद घोड्यांचं. चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट लागला की घरची सात माणसं घेऊन दुसऱ्या गिअरवर रडत चढते. मे महिन्यात एसी लावला तर तापमानाचा काटा लगेच वर.

डोक्यात २.२ डायकॉर आहे. २१७९ सीसी, १४० पीएस, ३२० न्यूटन-मीटर. पण जुनं इंजिन साध्या पंपावर चालतं आणि हे कॉमन रेल, डिझेल इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं सोडणारं. म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), सेन्सर, सगळंच आलं. जळगावच्या एका मिस्त्रीनं नुसता इंजिन-गिअरबॉक्सचा भाव सांगितला, वायरिंगचं विचारलं तर "बघू नंतर" म्हणाला. तिथंच मन कचरलं.

ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा: इंजिन ज्यावर बसतं ते माउंटिंग नवीन बनवावे लागले का? जुना ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा) या टॉर्कला टिकतो का, की डायकॉरचाच घ्यावा? रेडिएटर, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) कोणता बसवला? ब्रेकही सुधारावे लागतील असं मला वाटतं, कारण घाट उतरायचाही आहे.

आणि कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरटीओची परवानगी आधी घ्यायची हे माहीत आहे. चोरून काहीच करायचं नाही, पुढचं पासिंग आणि विमा दोन्ही अडकतील. खान्देशात कुणाच्या आरसीवर नवा इंजिन नंबर चढलाय का? कोणते कागद मागितले? धुळे, नंदुरबारचे अनुभवही चालतील.