सतत चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपची बॅटरी इतकी का खालावते?

प्रश्न

नमस्कार. माझा लॅपटॉप तीन वर्षांचा झाला असून त्यावर मी मुख्यतः लेखन, भाषांतर आणि व्हिडिओ बैठका एवढीच कामे करतो. दिवसातला बहुतेक वेळ तो टेबलावर चार्जरला जोडलेलाच असतो. नवा असताना चार्जर काढल्यावर तो साधारण सात तास चालत असे. आता मात्र तिसऱ्या तासालाच माना टाकतो. विंडोजमधील ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा वापरून बॅटरीचा अहवाल काढला, तेव्हा मूळ क्षमता ५७ वॅट-तास, सध्याची पूर्ण चार्जची क्षमता ४१ वॅट-तास आणि चार्जिंगची आवर्तने केवळ १९० दिसली. ज्या बॅटरीचा वापरच फारसा झालेला नाही ती इतकी खालावावी, याचा उलगडा मला होत नाही. कोणी सांगते की महिन्यातून एकदा बॅटरी शून्यापर्यंत उतरवावी, तर कोणी म्हणते की शंभर टक्के होताच चार्जर काढावा. नवी बॅटरी बसवणे हाच उपाय आहे का, की आधी आणखी काही तपासून पाहावे?

प्रतिसाद १

नवी बॅटरी मागवण्यापूर्वी आपण दिलेल्या आकड्यांवरच एक साधा भागाकार करून पाहावा. पूर्वी ५७ वॅट-तास सात तास पुरत होते, म्हणजे लॅपटॉप सरासरी ८ वॅट वीज घेत होता. आज ४१ वॅट-तास तीन तासांत संपतात, म्हणजे तोच लॅपटॉप जवळपास १४ वॅट घेतो आहे. क्षमता २८ टक्क्यांनी घटली हे खरे, परंतु केवळ तेवढेच घडले असते तर आपल्याला आजही पाच तास मिळायला हवे होते. उरलेल्या दोन तासांचा दोष बॅटरीच्या माथी मारता येणार नाही. खर्च असाच राहिला, तर कोरी करकरीत बॅटरीदेखील चार तासांच्या थोडीच पुढे जाईल.

तेव्हा आधी वाढीव खर्च शोधावा. पडद्याचा उजेड ही पहिली जागा. दुसरी आणि बहुधा अधिक महत्त्वाची जागा म्हणजे स्वतंत्र ग्राफिक्स चिप: लॅपटॉपमध्ये ती असेल आणि एखाद्या प्रोग्रॅमने तिला जागे ठेवले असेल, तर लेखनासारख्या हलक्या कामातही कित्येक वॅट विनाकारण खर्ची पडतात. त्यानंतर ब्राउझरमधील विस्तार, फायली सतत क्लाउडवर पाठवणारे प्रोग्रॅम आणि व्हिडिओ बैठका पाहाव्यात. बैठकीत कॅमेरा, ध्वनी आणि चित्राचे संकुचन ही तिन्ही कामे एकाच वेळी चालू असल्यामुळे तो तास लेखनाच्या तासापेक्षा नेहमीच महाग पडतो. चार्जर काढून अर्धा तास नेहमीचे काम करावे आणि अहवालात किती वॅट-तास खर्च झाले ते वाचावे. त्या आकड्याची दुप्पट म्हणजे आपला सरासरी खर्च.

प्रतिसाद २

वरील हिशेब अगदी योग्य आहे. मी केवळ २८ टक्क्यांच्या घटीविषयी लिहितो, कारण आवर्तने कमी असूनही बॅटरी खालावते याचे अनेकांना आश्चर्य वाटते.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली, आणि तेव्हापासून तिचा एक स्वभाव कायम आहे: ती वापराने झिजते, तशीच नुसती ठेवूनही झिजते. एक आवर्तन म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज निम्मी आणि उद्या निम्मी वापरली, तर दोन दिवस मिळून एकच आवर्तन मोजले जाते. आपला लॅपटॉप चार्जरवरच चालत असल्याने तो आकडा लहान राहिला. परंतु पूर्ण भरलेल्या सेलचा दाब साधारण ४.२ व्होल्ट असतो, आणि त्या अवस्थेत आतील द्रावणाच्या अनिष्ट अभिक्रिया अधिक वेगाने होतात. सेलच्या ऋण टोकाच्या ग्राफाइटवर जमलेला थर हळूहळू जाड होत जातो आणि त्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामी येत नाही. उष्णतेने हे सगळे आणखी वेगाने घडते. तीन वर्षे शंभर टक्क्यांवर आणि तापणाऱ्या प्रोसेसरच्या शेजारी बसलेल्या बॅटरीची एवढी घट मला मुळीच अनपेक्षित वाटत नाही.

चार्जर लावून ठेवल्याने बॅटरी ‘जास्त भरते’ ही समजूत मात्र चुकीची आहे, कारण भरणे पूर्ण होताच आतील सर्किट चार्जिंग थांबवते. त्रास होतो तो सतत काठोकाठ भरलेले राहण्याचा. म्हणून लेनोव्हो, असुस, डेल यांसारख्या कंपन्यांच्या अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय दिलेली असते. ती आजच चालू करावी. दर महिन्याला शून्यापर्यंत उतरवण्याचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम-आयन बॅटरीला त्याचा काहीही लाभ नाही. टक्केवारी अचानक उड्या मारू लागली, तर मोजमाप ताळ्यावर आणण्यासाठी एखाद्या वेळी तसे करावे, एवढेच.

प्रतिसाद ३

मर्यादेचा सल्ला मलाही मान्य आहे, पण बाहेर जायच्या दिवशी ती काढून निर्धास्तपणे शंभर टक्के भरावे. कधीमधी पूर्ण भरल्याने काही बिघडत नाही. बॅटरी आपल्या कामासाठी आहे, आपण तिच्यासाठी नाही.

माझा खरा आग्रह दुसऱ्या गोष्टीचा आहे. इतकी वर्षे सतत चार्जरवर असलेल्या लॅपटॉपची बॅटरी फुगलेली नाही ना, हे आधी पाहावे. माझ्या आधीच्या लॅपटॉपमध्ये सुरुवात टचपॅडपासून झाली: त्याची खालची कड दाबली जाईनाशी झाली, मग झाकण एका बाजूने नीट मिटेना, आणि सपाट टेबलावर ठेवला तरी तो किंचित डुगडुगू लागला. मागच्या पत्र्याच्या फटीत नख शिरत होते. असे काहीही दिसल्यास लॅपटॉप बंद करावा, चार्जर लावू नये, फुगवटा दाबू नये किंवा टोचू नये, आणि जाणकार तंत्रज्ञाकडून बॅटरी काढून घ्यावी. ती घरच्या कचऱ्यात कदापि टाकू नये. ई-कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणीच द्यावी.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. लॅपटॉप सपाट बसतो, टचपॅड आणि झाकणही व्यवस्थित आहे. स्वतंत्र ग्राफिक्स चिप मात्र खरोखरच सतत जागी होती, कारण ब्राउझर ‘उच्च कार्यक्षमता’ या गटात नोंदलेला होता. तो तिथून काढला आणि पडद्याचा उजेड थोडा कमी केला, तेव्हा लेखनाच्या वेळचा खर्च ९ वॅटच्या आसपास आला. आता चार्जरविना साडेचार तास सहज निघतात. चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली आहे. पुढे कधी बॅटरी बदलायचीच झाली, तर घेताना काय पाहावे?

प्रतिसाद १

लॅपटॉपच्या नावावर विसंबून राहू नये, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या बॅटऱ्या असू शकतात. जुन्या बॅटरीवर छापलेला भाग क्रमांक, व्होल्ट आणि वॅट-तास जुळवून पाहावेत. शक्यतो उत्पादकाचीच बॅटरी घ्यावी आणि तिच्यावरील निर्मितीची तारीख वाचावी. प्रतिसाद २ मध्ये म्हटल्याप्रमाणे ती नुसती ठेवूनही झिजते, त्यामुळे दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेली ‘नवी’ बॅटरी खऱ्या अर्थाने नवी नसते. म्हणूनच ती आत्तापासून घेऊन कपाटात ठेवू नये, गरज पडेल तेव्हाच मागवावी. बसवल्याबरोबर पुन्हा अहवाल काढावा. पूर्ण चार्जची क्षमता मूळ क्षमतेच्या बरीच खाली दिसली, तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ती परत करावी.