शाळेचा कार्बन मोजायचा की नाही?

शिक्षक, केज तालुका
सातवीच्या मुलांना घेऊन आमच्या जिल्हा परिषद शाळेचा कार्बन फूटप्रिंट काढला. शाळा चालवताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्याचा हिशेब. महिन्याच्या बिलावर ११० युनिट. आपली बरीचशी वीज कोळशाची, म्हणून युनिटला साधारण ०.७ किलो धरला. झाले ७७ किलो. एक मुलगी म्हणाली, "सर, पंख्यातून कुठं धूर निघतो?" मग फळ्यावर परळीचं औष्णिक केंद्र काढलं, कोळसा, चिमणी, तारा, आपला पंखा. ती बराच वेळ बघत राहिली अन् म्हणाली, "म्हणजे आपला धूर परळीची लोकं खातात." तेव्हापासून मला वाटतं, हा हिशेब प्रत्येक शाळेत व्हायला हवा.

पालक, वसमत
सर, राग मानू नका, पण मला हे पटलं नाही. माझ्या पोराच्या वर्गात दोन पंखे, त्यातला एक बंद. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा मी तिथंच नोकरीला होतो. घागरीसाठी रात्र रात्र जागलोय. दुष्काळ आमच्या वाट्याला आणि धुराचा हिशेबही आमच्याच लेकरांनी द्यायचा? एसीत बसणाऱ्यांना आधी विचारा.

शिक्षक, केज तालुका
हिशेब म्हणजे दंड नव्हे, दादा. आपला वाटा किती कमी आहे ते मोजल्यावरच कळलं. गावातली काही मुलं डिझेलच्या गाडीनं तालुक्याच्या खाजगी शाळेत जातात. जाऊन-येऊन ४० किलोमीटर, ड्रायव्हर म्हणतो लिटरला पाचचं ॲव्हरेज. रोज आठ लिटर, लिटरला सुमारे २.७ किलो. आमच्या शाळेचा विजेचा महिन्याचा आकडा ती गाडी चार दिवसांत ओलांडते. हे तुमच्याच बाजूचं आहे, पण आकडा नसता तर कुणाला दाखवलं असतं?

शिक्षिका, अंबड
सर, तुमच्या हिशेबात खिचडीची चूल कुठंय? आमच्याकडे पोषण आहार बाभळीच्या सरपणावर शिजतो. काही जण म्हणतात, लाकडातला कार्बन झाडानं हवेतूनच घेतलेला असतो, नवं झाड वाढलं की परत घेईल, म्हणून धरू नका. पण आमच्या बांधावरची बाभूळ गेली, तिथं नवं काहीच उगवलं नाही. आणि मावशी पदरानं डोळे पुसत पातेलं ढवळतात, ते कुठल्या रकान्यात लिहायचं? १४.२ किलोची गॅसची टाकी जळली की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. लाकूड शून्य धरलं तर कागदावर गॅसच वाईट दिसणार. उद्या कुणी साहेब म्हणेल, चूलच बरी. मला याची फार भीती वाटते.

शिक्षक, केज तालुका
मॅडम, चूल राहिली ही माझी चूक. आमच्याकडे गॅस आहे, पण टाकी वेळेवर आली नाही की सरपणच पेटतं. लाकूड शून्य धरणार नाही. धुराचा त्रास वेगळा लिहू, मावशींना विचारून.

पालक, वसमत
मग मोजा. पण ते ग्रामसभेत वाचा आणि शाळेवर सौर पॅनलचा ठराव घ्या. वहीतच राहणार असेल तर माझं मत तेच.

शिक्षक, केज तालुका
ग्रामसभेत मुलंच वाचतील. सोमवारी सरपण तोलायचंय, किराणा दुकानदारानं काटा द्यायचं कबूल केलंय.