मदत हवी आहे: पिंपळाच्या जाळीचे पंख रेझिन लावल्यावर वळतात

नमस्कार मंडळी, मी बडोद्याहून. काल्पनिक किडे बनवतोय, म्हणजे भुंग्याचं अंग, चतुराचे चार पंख, पाय मात्र सहाच, असे. अंग इपॉक्सी पुट्टीचं, साडेतीन सेंटीमीटर, पाय तांब्याच्या तारेचे, तिथे काही प्रॉब्लेम नाही.

अडलंय पंखांपाशी. कमाटीबागेत पडलेली पिंपळाची पानं तीन-चार आठवडे पाण्यात कुजवून, टूथब्रशने गर काढून जाळी करतो, तिच्यावर यूव्ही रेझिनचा, म्हणजे अतिनील प्रकाशात कडक होणाऱ्या पारदर्शक द्रवाचा, थर देतो. नेल लॅम्पखाली (नेलपॉलिश सुकवायचा यूव्ही दिवा) धरलं की मिनिटभरात कडा वर उचलतात आणि पंख पापडासारखा वळतो. शिरा इतक्या सुंदर दिसत असतात त्याच क्षणी, फार जीव तुटतो हो.

आतापर्यंत पातळ थर देऊन बघितला, वळतोच. दोन्ही बाजूंनी लावलं तर कमी वळतो पण जाड, प्लास्टिकसारखा दिसतो. दोन ओएचपी शीटमध्ये (पारदर्शक प्लास्टिकचे कागद) दाबून केलं तर सपाट झाला, पण शिरांचा उठाव गेला, आणि मला पंखाला थोडा बाक हवाय. जाळी पूर्ण वाळवूनच घेतो, ओली नसते.

घरात लहान मूल आहे त्यामुळे उग्र वासाचं सॉल्व्हंट नको, आणि खऱ्या किड्यांचे पंख वापरायचे नाहीत हे नक्की.

तर कडेने बारीक तारेची चौकट आधी चिकटवून मग रेझिन भरलं तर पंख वळायचा थांबेल का, आणि तार किती गेजची घेऊ म्हणजे पंख नाजूकच दिसेल?